सागाला पानं आली तेव्हा

दोन संगणक. एक प्रिंटर. मांडववाल्याकडून आणलेल्या चार प्लास्टिकच्या खुर्च्या. छतावर बांबूला बांधलेला एक अँटेना. आणि गिऱ्हाईक... मला धरून एक. दोन हजार तीनच्या मे महिन्यात, अहेरीत अजयच्या नव्या इंटरनेट केंद्रात एवढंच होतं.

"बसा मॅडम. पंख्याची हवा याच खुर्चीले लागते," तो म्हणाला.

चंद्रपूरला भौतिकशास्त्र घेऊन मी बी.एस्सी. केलं होतं आणि निकाल पाहायला आले होते. पान वरून खाली सावकाश उघडत होतं. आधी विद्यापीठाचं नाव, मग चिन्ह, मग रिकामी चौकट... तेवढ्या वेळात तो माझ्याकडे नाही, पडद्याच्या काचेत उमटलेल्या माझ्या चेहऱ्याकडे पाहत होता. मला ते कळलं, कारण काचेत मलाही तोच दिसत होता.

"फर्स्ट क्लास," तो म्हणाला. "पेढे कवा?"

"निकाल माहा, आनंद तुम्हाले काऊन?"

"माह्या केंद्रातला पहिला निकाल हाये. तुम्ही नापास झाल्या असत्या, त लोक म्हणले असते, हे इंटरनेटच पनवती हाये."

शेजारच्या दुकानात शिवणयंत्रावर बसलेले नूर मोहम्मद चाचा हसले. मी मात्र घरी येईपर्यंत हसू दाबून ठेवलं.

मग जूनभर मी कारणं शोधत राहिले. शिष्यवृत्ती, एम.एस्सी.चे नियम, परदेशातल्या दुर्बिणींची चित्रं... कारणं संपली तेव्हा अजयने मला ईमेलचा पत्ता काढून दिला. मला पत्र पाठवणारं माणूस जगात एकच होतं, आणि ते समोरच्या खुर्चीवर बसलेलं असे.

"मेल आला का?"

"आला. काय लिहिलं हाये?"

"आता ते बी मीच सांगू? वाच ना..."

'मॅडम' कधी गळून पडलं, आठवत नाही. आता अहेरीतली पोरं खिशातल्या मोबाइलवर निरोप पाठवतात आणि उत्तर लगेच येतं. आम्हाला एक ओळ जायला वेळ लागायचा. तेवढा वेळ एकमेकांसमोर बसायला मिळायचं.

जुलैत लाइन तुटायला लागली. आधी अधूनमधून, मग दिवसभर. अजयने तार बदलली, अँटेनाला जोडलेला यंत्राचा डबा बदलून आणला, संगणक खोलून पुन्हा जोडला. काही नाही. गिऱ्हाइकं येऊन परत जाऊ लागली. हैदराबादच्या त्याच्या मामाने एका संगणकाच्या दुकानात नोकरी पाहून ठेवली होती. रविवारपर्यंत लाइन आली नाही, तर सोमवारच्या बसने निघायचं, असं घरी ठरलं.

"जाशीन?" मी विचारलं.

"इथी बसून काय करू? खुर्च्या पुसू?" तो माझ्याकडे न पाहता म्हणाला.

शनिवारी मी छतावर चढले. लाइन गावाबाहेरच्या टॉवरवरून हवेतून यायची, आणि अँटेना त्या टॉवरकडेच रोखलेला होता. पण मध्ये वनखात्याच्या आवारातले साग होते, आणि पाऊस झेलून त्यांची पानं सुपाएवढी झाली होती; टॉवर त्यांच्याआड गेला होता.

"अजय, हा अँटेना तू कवा लावला?"

"एप्रिलात."

"तवा या सागाले पानं होती का?"

तो वर आला. सागाकडे पाहिलं, अँटेनाकडे पाहिलं, आणि डोक्याला हात लावून खालीच बसला. उन्हाळ्यात साग निष्पर्ण असतो. फांद्यांमधून टॉवर लख्ख दिसतो. आम्ही दोघं सागाच्या सावलीत वाढलेलो, तरी महिनाभर संगणकच खोलत राहिलो होतो.

"तोडून टाका ना दोन झाडं," खालून चाचा म्हणाले.

"चाचा, सरकारी सागवान हाये. झाडाच्या आधी मीच आत जाईन."

आमचं घर गल्लीच्या पलीकडे, जरा उंचावर. आमच्या स्लॅबवरून टॉवर झाडांच्या बाजूने मोकळा दिसायचा. अँटेना आणि डबा आमच्याकडे ठेवायचा, तिथून टेलिफोनची तार गल्लीवरून केंद्रात न्यायची... सोपं होतं. फक्त आईला विचारायचं होतं.

"नाई," आई म्हणाली. "आज तार येईन, उद्या तारेच्या मागं मानूस येईन. लग्नाची पोट्टी हाये घरात. लोक काय म्हणतीन?"

तरी मी अजयला बोलावलं. रविवारी दुपारी पाऊस थांबला आणि तो खांद्यावर बांबू घेऊन गल्लीत उभा राहिला. चाचांनी भिंतीला शिडी लावून धरली. आई स्लॅबवर, कमरेवर हात ठेवून.

"सांगितलं ना, नाई म्हणून," ती मला म्हणाली.

"आई, लाइन नाई आली त तो उद्या जाईन."

"मंग जाऊ दे ना."

"मले... नाई जाऊ द्यायचं त्याले."

खाली शिडीचा आवाज थांबला. अजय अर्ध्या शिडीवर होता. त्याने सगळं ऐकलं होतं. आईने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आशाबाई," चाचा हळूच म्हणाले, "पोट्टा बांबू घेऊन लटकून राह्यला. वर घ्या, नाई त खाली पाठवा."

आई वळली. "माह्या दोडक्याच्या वेलाले धक्का लागला त दोघायले बी पाहून घेईन," म्हणाली, आणि खाली निघून गेली.

बांबू मी धरला, अँटेना त्याने फिरवला. ओल्या बांबूवर त्याचा हात सरकत सरकत माझ्या हातापाशी आला, आणि तिथेच राहिला. डब्यावरचा हिरवा दिवा लागला, तरी कोणी हात काढला नाही.

संध्याकाळी केंद्रात गेलो. चाचा मशीन थांबवून दारात उभे.

"आईले जे सांगितलं," अजय पुटपुटला, "ते मले एकदा सांग ना."

"शिडीवरून ऐकलं ना."

"शिडीवर अर्धं ध्यान बांबूत होतं."

मी त्याच्या कानाशी वाकून सांगितलं. त्याचा कान लाल झाला. मग मीच म्हणाले, "आता वेग मोज."

त्याने बटण दाबलं. त्या लाइनचा पूर्ण वेग पस्तीस. पडद्यावर आकडा आला: चौतीस पूर्णांक दोन केबीपीएस.