मयत लवूने बदललेलं पान

लवूच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी लवूनेच ऑफिसचं मॅन्युअल बदललं.

कॉम्प्युटरवर तसं स्वच्छ लिहून आलं होतं. बदल करणारा: लवू. बुधवार. त्या दिवशी चिपळूणचं सगळं ऑफिस बुरोंडीला त्याच्या घरी जेवायला गेलेलं. फोन घ्यायला एकटा ओमकार मागे राहिला होता. भुताला पासवर्ड लागतो का, असं कुणी विचारलं नाही. सगळ्यांनी त्याच्या रिकाम्या खुर्चीला वळसा घालून चालायला सुरुवात केली, एवढंच.

कंपनी लोट्याच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांमधल्या विषारी वायूच्या भोंग्यांचं सॉफ्टवेअर करायची. श्राद्धाच्या दोन दिवस आधी, सोमवारी, तिथल्या एका कारखान्यात नितेश नावाचा कामगार वायूने कोसळला. भोंगा वाजलाच नाही. तो पन्नासवर लावला होता, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत वायूचे पन्नास भाग झाल्याशिवाय वाजणार नव्हता. नितेश अजून शुद्धीवर नव्हता.

गुरुवारी कारखाने निरीक्षक राजश्रीबाई आल्या. भोंगा कितीवर लावायचा ते सांगणाऱ्या पानाची मॅन्युअलमधली लिंक उघडली. पानावरही पन्नासच. मॅन्युअल लिहिणारी सानिका पांढरीफटक पडली. पोरगा दगावला तर गुन्हा तिच्यावर होता.

"मी दहा वाचून लिंक दिली होती, मॅडम. लवूदादांचंच पान. ते गेले, वेबसाइट बंद पडली, म्हणून संग्रहातली प्रत जोडली."

संग्रह म्हणजे इंटरनेटवरचं कपाट. मेलेल्या पानांच्या प्रती तिथे तारीखवार राहतात.

"मग दहाचे पन्नास कुणी केले?"

सानिका लवूच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली.

भोंगे बसवायचं काम ओमकारचं. मॅन्युअल वाचूनच पन्नास लावले, असं तो म्हणाला. पन्नासच्या प्रतीवर तर बुधवारी पहाटे चार-चाळीसची वेळ होती, आणि तेव्हा ऑफिसला कुलूप. "लवूला पहाटे उठायची सवयच होती," त्याने हळूच जोडलं.

बाईंनी सानिकाच्या बाकीच्या लिंका पाहिल्या. प्रत्येकीत चौदा आकडे. हिच्यात एकही नाही.

"हे आकडे कसले गो?"

"प्रतीची तारीख आणि वेळ. ते काढले तर सगळ्यात शेवटची प्रत उघडते."

"वेळ आपली?"

"नाही, ग्रीनिचची." सानिका अडखळली. "आपण साडेपाच तास पुढे."

बाईंनी बोटांवर मोजलं. बुधवारी सकाळचे दहा वाजून दहा मिनिटं. त्यांनी आपली खुर्ची ओमकारकडे वळवली.

"भोंगा सारखा वाजतो म्हणून कारखानदार कटकट करत होता, ते मी तिथेच ऐकलं. तुम्ही पन्नास केलेत. सोमवारी माणूस पडला. मग बंद पडलेल्या वेबसाइटचं नाव तुम्ही विकत घेतलंत, खोटं पान चढवलंत, संग्रहात टाकलंत आणि लिंकेतले आकडे पुसलेत. लवूचं खातं त्याच्या मशीनवर उघडंच होतं. मेलेल्याचं खातं बंद करायला कुणाचा हात धजला नाही. पण पन्नासची पहिली प्रत बुधवारची आहे. सोमवारी तुम्ही ती वाचलीत कुठे?"

सानिकाने जुने आकडे परत घातले. पान उघडलं. दहा.

 "लवू असता तर त्याने मला हे करू दिलं नसतं," ओमकार म्हणाला.

बाईंनी कारखान्यात फोन लावून स्पीकर चालू केला आणि भोंगा दहावर आणायला सांगितलं. पलीकडे दोन कळा दाबल्या गेल्या.

भोंगा तत्क्षणी ओरडू लागला. म्हणजे वायू आत्ताही दहाच्या वर होता.

बाईंच्या आधी सानिकाने फोन ओढून घेतला. "सगळ्यांना बाहेर काढा. यंत्रं राहू देत, आधी माणसं काढा."

त्या पाळीत चाळीस जण होते. एकेक नाव पुकारून होईपर्यंत तिने फोन सोडला नाही.