कलशाचा उजवा कान

सुजीत पहिल्यांदा आला तो दार चुकून. आखातातल्या त्या शहरात, देऱ्यातल्या एका गल्लीत त्याला पितळ ओतणाऱ्यांचं दार हवं होतं, आणि त्याने उघडलं मुलामा देण्याच्या खोलीचं. आत समिधा मास्क लावून चांदीच्या द्रावणाचं तापमान बघत होती.

"दार लावा," ती वर न बघता म्हणाली.

त्याने लावलं… आतून.

त्याच्या ऑफिसला एका हॉटेलच्या लॉबीसाठी बारा कलश करून घ्यायचे होते. नमुना म्हणून त्याच्याकडे एका जुन्या चित्राची प्रत होती. युरोपला ग्रीक-रोमन घाटांचं वेड लागलं होतं, तेव्हा तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं चित्र. बारीक मान, पोटावर पानांची माळ, खाली सरळ पन्हळी. समिधाने बघताक्षणी विचारलं, धरायचे दोन कान वेगळे कसे? डावीकडे बोकडाचं डोकं होतं, उजवीकडे वेटोळ्यांचा साप. सुजीतच्या ते लक्षातच आलं नव्हतं.

पुढच्या गुरुवारी तो माहिती काढून आला. एकाच चित्रात दोन पर्याय दाखवायची तेव्हा पद्धत होती. गिऱ्हाइकाने एक निवडायचा.

"मग निवडा," ती म्हणाली.

"तुम्ही सांगा."

"सापाला कोपरे नाहीत. चांदी सारखी बसेल."

"म्हणजे साप आवडला."

"असं मी म्हटलं नाही."

"मास्क काढून म्हणा."

मग तो दर गुरुवारी येऊ लागला. क्लायंटचं अजून ठरत नाही, म्हणायचा. समिधा दादा-वहिनींकडे खाडीपलीकडे अल मनखूलला राहायची. सुजीत देऱ्यातच राहायचा, तरी अब्रात, खाडीवरच्या लाकडी नावेत, तिच्याशेजारी बसून खाडी ओलांडायचा आणि त्याच नावेने परत जायचा. मोठं गलबत शेजारून गेलं की नाव हलायची, त्याचं कोपर तिच्या कोपराला लागायचं… आणि पाणी शांत झालं तरी तिथेच राहायचं. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलं नाही. ओतकाम करणाऱ्या नूरुद्दीनकडून तिने सापाचा एक कान करून घेतला. त्यावर स्वतः चांदी चढवली, नेहमीच्या दुप्पट. सुजीतला द्यायला.

मे महिन्यात त्याच्या ऑफिसातून फाइल आली. चित्राच्या उजव्या अर्ध्या भागावर लाल काट होती. खाली क्लायंटची सही, सुजीतची सही. तारीख अकरा फेब्रुवारी. समिधाने कॅलेंडरवर मोजलं, त्यानंतर तेरा गुरुवार. तिला एकटीलाच हसू आलं.

"फेब्रुवारीतच ठरलं होतं की," त्या संध्याकाळी अब्रात ती म्हणाली. "मग इतके गुरुवार कशाला यायचास?"

"तुला माहीत आहे कशाला."

तिचा हात पर्समधल्या सापाच्या कानाकडे गेला. पण सुजीत पाण्याकडे बघत होता.

"समिधा… जानेवारीत सांगलीला माझा साखरपुडा झालाय. जूनमध्ये लग्न आहे."

तिने पर्स बंद केली.

"वाटायचं, इथे येऊन बसलं की… अजून काही ठरलेलं नाही," तो म्हणाला.

"सही होती ना, सुजीत."

नाव धक्क्याला लागली. ती उतरली. तो नेहमीसारखा बसून राहिला, परतीसाठी.

शनिवारी तिने नूरुद्दीनला चोवीस कान सांगितले, सगळे बोकडाचे.

"और वो सांपवाला, मॅडम?"

तो तिने द्रावणात सोडला आणि वायरी उलट्या जोडल्या. चांदी जशी चढते, तशीच उतरते. फक्त प्रवाह उलटा लागतो. ती घड्याळ लावून समोर बसली. पिवळं पितळ पूर्ण उघडं झाल्यावर तिने कान धुतला, पुसला आणि नूरुद्दीनच्या हातात दिला.

"भट्टीत टाका," ती म्हणाली. "एक बोकड निघेल यातून."