सटवाजीची सिगडी

"शेगडी आणायला गेलेला माणूस गटाराच्या पाण्यात सापडतो. आता चार लोकांत काय सांगू?" पांडुरंग अगदी कानाजवळ कुरकुरला.

फौजदार विमलाअक्कांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. गुडघे दुखत होते, त्यात हा चिखल. अळणावरजवळच्या गावाचं सांडपाणी ओढ्याला मिळतं, त्याच्या खाली पांडुरंगचा भाऊ सटवाजी मरून पडला होता. उजव्या तळव्यावर भाजल्याचा डाग.

"पिऊन पडला असणार की," सटवाजीच्या बायकोचा भाऊ तुकाराम म्हणाला.

"ते पीत नव्हते." सटवाजीची बायको कमल म्हणाली. "अक्का, तसं लिहू नका. पोरीला जन्मभर ऐकावं लागेल."

अक्कांनी सटवाजीच्या सदऱ्याच्या खिशाचं बटण काढलं. आत पानात गुंडाळलेले, काचेसारखे इवलेसे झिंगे.

"शेगडीचं कोण बोललं?"

"तोच," पांडुरंग म्हणाला. "सकाळी दाजीबानपेठेत माझ्या दुकानावर फोन केला. सिगडी आणतोय, संध्याकाळी जेवायला ये. मी म्हटलो, घरात गॅस असताना कशाला रे? तर हसला."

"कानडीत सिगडी म्हणजे काय हो?"

पांडुरंगनं पानातल्या झिंग्यांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "झिंगे. भावाशी मराठीत बोलताना कानडी कुठलं सुचतंय."

अक्कांनी चहाची गाळणी मागवली. इथल्या पाण्यात बुडवली, तर काळा गाळ आणि लाल किडे. मग सगळ्यांना घेऊन त्या रखडत ओढ्यावरच्या बंधाऱ्याच्या वर गेल्या. तिथे पाणी नितळ. कुजक्या पानांखाली गाळणी घातली आणि झिंगे टणाटण उडाले.

अक्का एका दगडावर बसल्या.

"हा जीव घाण पाण्यात टिकत नाही. म्हणजे सटवाजी इथे उतरला होता. बंधाऱ्यावरून तर आज पाण्याचा थेंब जात नाही, मग वाहून खाली कसा जाईल? त्याला उचलून नेलं. दारुडा ठरावा म्हणून गटारात टाकलं. ओढ्यात विस्तव कुठला? तळवा विजेनं भाजलाय. आणि या काठाला वीज एकाच पंपाला आहे."

पंपाजवळ बांबूला उघडी तार गुंडाळलेली होती. तुकाराम तिच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"पंप माझा आहे. म्हणून काय झालं?"

"तार कशाला लागते?"

जमलेल्या गावकऱ्यांतला जो तो आपल्या पायांकडे बघत होता.

कमल पुढे आली.

"दादा, मासे मारायला तू पाण्यात करंट सोडतोस. सगळ्या गावाला माहीत आहे. मलाही माहीत होतं. आम्ही ते मासे खात होतो."