चुन्याचा चेहरा

दार लावून घे रे, गार वारा आत येतोय. आणि इथे पबमध्ये शेकोटीपाशी बसून भुताला हसायचं तर खुशाल हसा, पण घरी जाताना तुम्हाला चर्चवरूनच जायचंय. त्या अंगणातलं गवत मी एकतीस वर्षं कापतोय. हे घडलं आपल्या क्लिफर्ड पेग्लरला, दगडकामवाल्याला. त्याने मला स्वतःच्या तोंडाने सांगितलंय, आणि शेवटचं मी या डोळ्यांनी पाहिलंय.

या जानेवारीची सतरा तारीख, शुक्रवार. यूच्या त्या जुन्या, सदाहरित झाडाखाली लोकरवाल्या व्यापाऱ्याची ती मोठी पेटीसारखी कबर आहे ना? तिच्या चार कोपऱ्यांवर चार लहान मुलांचे चेहरे कोरलेत. तीनशे वर्षांच्या पावसाने पार पुसलेले. क्लिफर्डला काम होतं फक्त भेगा बुजवायचं. जुन्या दगडाला नवा चेहरा द्यायचा नाही, हे त्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. पण चर्चच्या कमिटीतल्या बाईंना फोटोसाठी एक तरी चेहरा हवा होता. कमिटी म्हणजे नुसता डोक्याला ताप. आणि क्लिफर्ड पडला भिडस्त. चुना लावून त्याने एक चेहरा घडवला. नमुना हवा म्हणून घरातलाच घेतला, सहा वर्षांच्या जोसीचा. त्याची एकुलती एक लेक.

ओला चुना गोठला की फुटतो. म्हणून थंडीत त्यावर गोणपाट बांधतात. त्या रात्री पारा उणे सहावर जाणार होता. नऊला दहा कमी असताना क्लिफर्ड गोणपाट आणि सुतळी घेऊन निघाला. जोसी झोपली होती. चहा ठेव, आलोच, असं बायकोला, ब्रेंडाला, सांगून गेला.

त्याने गोणपाट चेहऱ्यावर टाकलं. सुतळीचे दोन वेढे दिले. गाठ मारली.

गोणपाट आत ओढलं गेलं.

मग फुगलं. पुन्हा आत... बरोबर तोंडाच्या जागी.

वारा असेल, तो मनाशी म्हणाला. वारा नव्हता.

फोन वाजला. ब्रेंडा.

"क्लिफ, जोसीला श्वास घेता येत नाहीये. ओठ निळे पडलेत. तू ये."

त्याला कसं कळलं, ते त्यालाही सांगता येत नाही. बोटं बधिर. गाठ सुटेना. त्याने सुतळी दातांनी तोडली. गोणपाट ओढून फेकलं.

फोन पुन्हा कानाला लावला.

"घेतला," ब्रेंडा म्हणाली. "घेतला तिने श्वास."

हो रे बाबा, घरी पळायला हवं होतं, मलाही कळतं. पण चेहरा आता उघडा होता. कबरीवर हिव धरायला लागलं होतं. झाकावं तर पोर गुदमरते. उघडं ठेवावं तर चुना फुटतो. आणि तो फुटला तर...?

त्याने अंगातला कोट काढला. चेहऱ्याला टेकणार नाही असा दोन्ही हातांनी वर धरला. आणि त्या चेहऱ्यावर तोंडाची वाफ सोडत उभा राहिला. ॲम्ब्युलन्सवाले घरी येऊन, पोर ठणठणीत आहे म्हणून परतही गेले. तो हलला नाही. सकाळी साडेसहाला मी फाटक उघडलं, तेव्हा तो तसाच उभा होता. उजव्या हाताची दोन बोटं त्याची कायमची कामातून गेली.

चुना धरला. चेहरा शाबूत राहिला. जोसीही धडधाकट आहे, शाळेत जाते. पण पाऊस काही थांबत नाही, पोरांनो, आणि चुना तो किती वर्षं टिकणार? क्लिफर्ड रोज संध्याकाळी जाऊन बघतो. हात लावत नाही. मला त्याच्याकडे बघवत नाही.

गेल्या आठवड्यात जोसीचा पुढचा दात पडला. उशीखाली ठेवून झोपली, रात्री परी दात नेऊन नाणं ठेवते म्हणून सगळी पोरं ठेवतात तसा; नेतात खरं आईबापच. सकाळी दात नव्हता. ब्रेंडाने घेतला नव्हता. क्लिफर्डनेही नाही.

रविवारी मी यूखालचा पाचोळा झाडत होतो. झाडता झाडता कबरीपाशी आलो. क्लिफर्डने ओठ मिटलेले घडवले होते. ते आता थोडे उघडलेत.

आत एक दात आहे. इवलासा. दगडाचा नाही. चुन्याचाही नाही.

मुळाशी रक्त होतं... ओलं.