दोन काड्यांचा पारा

"माज्या हातनं पिल्लं मेली असती, तर मी तुमच्या दारात आले नसते, साहेब."

माळीवाड्यातल्या त्या खोलीत चांगुणाबाई बसायलाही तयार नव्हती. खाजगी तपासाची कामं घेणारे गहिनीनाथ झावरे तिचं बोलणं ऐकत होते. त्यांचे मित्र उत्तमराव, म्हणजे दवाखान्यातून निवृत्त झालेले कंपाउंडर, तिला पाणी हवं का विचारत होते. बहात्तरच्या त्या दुष्काळात पाणी विचारणं हा मोठाच पाहुणचार होता.

चांगुणाबाई नागापूरला सहादेवरावांच्या अंडी उबवणी केंद्रात यंत्रं सांभाळायची. हवा दमट राहावी म्हणून यंत्रात पाण्याचं तबक ठेवावं लागतं. त्याच पाण्यासाठी काल दुपारी ती टँकरवर गेली. परत येऊन बघते तर नव्या यंत्रातली, उद्या-परवा फुटायची अंडी भाजून निघाली होती.

"मालक म्हनत्यात, लाईट जाईल म्हनून मीच बटन फिरवून ऊब वाढवली. टँकरपाशी, समद्या बायांदेखत म्हनले, 'हिनं पिल्लं जाळली.' माज्या पोरी तितंच हुत्या. आता उद्या फौजदाराला बोलावनार हायेत."

"परत आलात तेव्हा काय दिसलं?"

"काचंतून पाऱ्याच्या दोन काड्या दिसत्यात. दोन्हीतला पारा सारखाच वर चढल्याला. मी वरडले. मालकांचे भाचे रंगनाथभाऊ धावत आले. म्हनले, मी मशीन बंद करतो, तू मामाला बोलाव. मी बंगल्याकडं पळाले."

"दोन्हीतला सारखाच? नक्की?"

"माजे डोळे चांगले हायेत, साहेब."

गहिनीनाथांनी टोपी उचलली.

केंद्रात काही केल्या जाईना असा करपट वास कोंडला होता. सहादेवराव तडकून म्हणाले, "बाईनं गुप्तहेर आणला? आणा! दिवाळीपासून हिच्याच हाती सगळा कारभार देऊन भाच्याला खाद्याच्या गोदामावर धाडणार होतो मी. थोडक्यात वाचलो म्हणायचं!"

त्यांचा भाचा रंगनाथ, इस्त्रीच्या शर्टातला तरणाबांड गडी, खाली बघत उभा होता.

यंत्रांची माहिती दिली मिस्त्री मच्छिंद्रने. "हे जुनं. यात दोन धातूंची पट्टी हाय, एकाला एक जोडल्याली. ऊब वाढली की एक धातू जास्त पसरतो, पट्टी वाकती आन् वीज तुटती. नव्यात पट्टी न्हाई. आत हा तांब्याचा फुगा, त्यात पातळ औषध. ते गरम होऊन फुगलं की बारीक नळीतनं बाहेरच्या डबीला रेटा बसतो आन् वीज तुटती. थर्मोस्टॅट दोन्हीबी. पर मला इचाराल तर जुनंच बरं."

"आणि पाऱ्याच्या काड्या?"

"त्या निस्त्या सांगत्यात. करत काय न्हाईत."

"आमच्या हेडक्लार्कसारख्या," उत्तमराव म्हणाले. कोणी हसलं नाही.

तांब्याच्या फुग्याला जवळजवळ खेटूनच त्या दोन काड्या होत्या. एक उघडी, दुसरीवर सुती वात चढवलेली. वातीचं लांब शेपूट पाण्याच्या वाटीत बुडालेलं. ओल्या काडीचा पारा नेहमी खाली राहतो आणि दोन्हींतल्या फरकावरून हवेतला दमटपणा कळतो, असं मच्छिंद्रने सांगितलं.

"तापाच्या रोग्याच्या कपाळावर आपण ओली पट्टी ठेवतो, तसंच की हे!" उत्तमराव बोलून गेले.

गहिनीनाथांनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. मग नखाने तांब्याचा फुगा खरवडला. नखाला पांढरी खपली लागली. बाहेरच्या डबीवरचं ऊब कमी-जास्त करायचं बटण मात्र त्यांनी बोटही न लावता, भिंग धरून तपासलं. खंडेनवमीला मालकिणीने पूजा केली होती. कुंकवाची एक जाड रेघ बटणावरून थेट डबीच्या पत्र्यावर गेली होती आणि वाळून घट्ट झाली होती.

त्यांनी गरम पाणी मागवून फुगा त्यात बुडवला, शेजारी पाऱ्याची काडी धरली. बरोबर शंभर फॅरनहाइटपाशी डबीत खट्ट झालं.

"काल दुपारी इथे कोण आलं होतं?"

"मी," मच्छिंद्र म्हणाला. "जुन्या पट्टीची टोकं घासली आन् मालकाच्या बंगल्यावर मोटर बघाया गेलो. मालकासंगच परत आलो."

उत्तमरावांचा संशय तिथेच पक्का झाला. नव्या यंत्राचा राग, हाताशी हत्यारं, आणखी काय हवं?

रंगनाथला विचारलं तेव्हा तो पटपट बोलला. "मी फक्त मेन स्विच पाडला. यंत्राचं दार उघडलंसुद्धा नाही. मामा येईपर्यंत दारातच उभा होतो, दुसरं कुणी आलं नाही."

"सहादेवराव, तुम्ही आलात तेव्हा काड्या कशा होत्या?"

"कोरडी एकशेदहाच्या वर, ओली पुष्कळ खाली. वात जागच्या जागी होती. यंत्रात खोट नाही, झावरे. बाईनंच बटण फिरवलं."

"यंत्र सुरू करा," गहिनीनाथ म्हणाले.

रिकामं यंत्र घुमू लागलं. पारा शंभरावर आला आणि यंत्राला ऊब देणाऱ्या तारेचा लाल दिवा विझला. गहिनीनाथांनी दार उघडून काडीवरची वात काढली, शेपूट वाटीतच ठेवून ती तांब्याच्या फुग्यावर चढवली आणि दार लावलं. लाल दिवा पुन्हा पेटला. सगळे काचेशी गोळा झाले. पारा शंभराच्या पुढे गेला, एकशेपाच झाले, तरी दिवा विझेना.

"काड्या बघा."

दोन्हीतला पारा एका रेषेत चढत होता. चांगुणाबाईने तोंडावर पदर धरला. "अस्संच हुतं!"

"बटण कुणी फिरवलं असतं तर कुंकवाची रेघ मोडली असती," गहिनीनाथ सांगू लागले. "ती शाबूत आहे आणि थर्मोस्टॅटही ठणठणीत आहे. म्हणजे त्याला फसवलं. उत्तमराव, तुमची ती ओली पट्टी! फुगा गारच राहिला, त्याला वाटलं ऊब कमी आहे आणि तार तापतच गेली. टँकरचं मचूळ पाणी त्यावर वाफ होऊन उडून गेलं, त्याची पांढरी खपली मागे राहिली. जुन्या यंत्रात हे जमलं नसतं. तिथे पट्टीतच वीज खेळते, ओलं कापड लावणाऱ्याला झटका बसला असता. हे करणाऱ्याला दोन्ही यंत्रांतला फरक ठाऊक होता."

"मग मच्छिंद्रच!" उत्तमराव म्हणाले.

"वात चढवायची संधी मच्छिंद्रलाही होती. पण उतरवायची? चांगुणाबाईने पाहिलं तेव्हा दोन्ही काड्या सारख्या होत्या, म्हणजे वात फुग्यावर होती. मालक आले तेव्हा ती काडीवर होती. मधल्या वेळात दार उघडल्याशिवाय हे होत नाही. मच्छिंद्र तेव्हा बंगल्यावर होता. आणि इथे आपण एकटेच होतो, असं रंगनाथ स्वतःच सांगतो."

रंगनाथच्या इस्त्रीच्या शर्टाला पाठीवर ओल आली होती.

"मामा, मी सख्खा भाचा," तो एकाएकी ओरडला, "आणि मी हिच्या हाताखाली पोती मोजायची?"

सहादेवराव स्टुलावर बसले. त्यांनी कमरेची किल्ली सोडून चांगुणाबाईपुढे धरली. "फौजदार येईल, पण याच्यासाठी. चांगुणा, झालं गेलं विसर. दिवाळी कशाला, आजपासूनच कारभार तुझा."

तिने किल्ली घेतली नाही. बाहेर टँकरचा भोंगा वाजला, बायकांच्या हंड्यांचा खणखणाट ऐकू आला.

"मालक, मला जाळनारी म्हनलात ते टँकरपाशी," ती म्हणाली. "हितं चार भिंतीत काय सांगताव? चला तितं. माज्या पोरी हायेत रांगेत."

सहादेवरावांनी एकदा गहिनीनाथांकडे, एकदा भाच्याकडे बघितलं. मग ते उठले, डोक्यावरचा फेटा नीट केला आणि तिच्या मागून टँकरकडे चालू लागले.