खिरापत ओळखणारी

बत्ती जरा जवळ ओढून घेते. मी चौथी शिकलेली बाई, पण घडलं तसं सांगायला कॉलेज लागत नाही.

आमचं घर जुन्या इंदुरात. स्वयंपाकघराची खिडकी बरोब्बर समोरच्या कोठीच्या अंगणावर उघडते. कोठी एका सरदाराची. होळकरशाही जाऊन मध्यभारत झाला तेव्हा त्यांनी ती बी. ए. होऊन पुढे शिकणाऱ्या मुलींना राहायला दिली. कोणी एम. ए. करायची, कोणी वकिली. आमचे हे सरकारी कचेरीत. सरकार उन्हाळ्यात इंदूरला, हिवाळ्यात ग्वाल्हेरला, आणि हे सरकारच्या मागे. घरात मी एकटी. मग खिडकीत नाही उभी राहणार तर काय करणार?

आधी तिथे बघण्यासारखं काही नव्हतंच म्हणा. जिची तिची खोली, जिचं तिचं बंद दार. जनाबाई स्वयंपाक करायची आणि ताटं दारोदार पोचवायची. वरच्या कोपऱ्यातल्या खोलीत रमा नावाची मुलगी मुदतीच्या तापानं आजारी पडली, तर शेजारच्या खोलीतल्या मुलीला तिचं आडनाव सांगता येईना. तोंडाला चव नाही म्हणायची बिचारी. मी तिच्यासाठी लाह्यांच्या पिठाचे लाडू केले, आत मोरावळ्याची फोड घालून. असा लाडू कोणी करत नाही, ते माझंच डोकं. तिनं अर्धा खाल्ला आणि बसक्या आवाजात म्हणाली, "काकू, उरलेला उद्या..." तो उद्या काही आला नाही. ऐन नवरात्रात गेली.

तिच्या तेराव्यानंतर अरुंधती उभी राहिली. देवासची मुलगी, कोठीतच राहून इतिहासात एम. ए. करत होती. तिला कोणी नेमलं नव्हतं की तिला त्याचे पैसे मिळत नव्हते. तिनं आपलं आपणच ठरवलं, की या कोठीत कोणी दार लावून एकटं पडायचं नाही. रविवारी अंगणात पोहे आणि चहा, चांदणं असलं की गच्चीवर भेंड्या, चतुर्थीला सगळ्यांना घेऊन पायी खजराण्याच्या गणपतीला. स्वतःचा अभ्यास सांभाळून हे सगळं. एकेक दार ठोठावायची आणि म्हणायची, उघडता की मी इथेच गाणं म्हणू? आवाज इतका बेसूर, की दार लगेच उघडायचं. माझ्याकडे सतरंज्या, किटल्या, परात मागायला यायची. मीही मग पदर खोचून जायचे. वर्षभरात कोठीचं घर झालं, ते एका मुलीच्या पायपिटीवर. माझ्या पोटची असती तर दृष्ट काढली असती.

एकच दार तिला उघडत नव्हतं. रमाच्याच खोलीत जूनमध्ये शालिनी राहायला आली होती. लग्नाच्या वर्षातच नवरा गेलेला. सासरच्यांनी नाइलाजानं शिकायला धाडलेली. खोलीची हकीकत तिला कोणी सांगितली नाही. पण तिचं मन लागेना. मला चौघींत येणं शोभत नाही, एवढंच म्हणायची. शेवटी तिनं भावाला कळवून टाकलं, की दसऱ्याला येऊन घेऊन जा.

अरुंधती माझ्या ओट्याशी उभी राहून म्हणाली, "काकू, ही एकदा परत गेली ना, की जन्मभर सासरच्या चुलीपुढे. पुन्हा पुस्तक हातात येणार नाही. फक्त एकदा खाली आणायची आहे तिला."

त्यासाठीच तिनं भोंडला मांडला. एवढ्या घोड्या झालेल्या मुली हत्तीभोवती फेर धरणार म्हणून आधी हशा झाला. वकिली शिकणारी मंजिरी म्हणाली, हत्तीची बाजू मी मांडते. पण संध्याकाळी सगळ्या नटून आल्या. पाटावर खडूनं हत्ती काढलेला, चारी बाजूंना झेंडूची फुलं. त्या दिवशीची खिरापत माझी. डब्यात काय आहे ते ओळखल्याशिवाय कोणाला खायला मिळत नाही, आणि माझी खिरापत तर मोहल्ल्यात कधी कोणी ओळखलेली नाही. त्या दिवशी सकाळी उगीच रमाची आठवण आली, म्हणून तेच लाडू केले. एकटीनं, खिडकी लावून.

फेर झाला, गाणी झाली. वरची कोपऱ्यातली खोली तशीच बंद. मुली ओळखायला बसल्या. चिवडा म्हणाल्या, करंजी म्हणाल्या, भुट्ट्याचा कीस म्हणाल्या. मी डबा हलवून दाखवला, तर मंजिरी म्हणाली, काकू, यात वाटाणे भरलेत, ही शुद्ध फसवणूक आहे. ऊन भिंतीवरून उतरत चाललं होतं. झेंडूचा वास दाटून आला होता. सगळ्या थकून गप्प झाल्या...

तेवढ्यात वरून आवाज आला. बसका, दमून दमून आलेला.

"लाह्यांचा लाडू... आत मोरावळा..."

मी झाकण काढलं. बरोबर ओळखलं की तसं करायचंच असतं. मुलींनी टाळ्या पिटल्या. शालिनीबाई, वर बसून निकाल देता होय, असं मंजिरी ओरडली. सगळ्यांचे चेहरे वरच्या खिडकीकडे.

आणि शालिनी खालच्या, कोठीच्या स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर आली. हातात पाण्याचा तांब्या. मागे जनाबाई.

"मी नाही बोलले," ती म्हणाली. "मी केव्हाची इथे उभी राहून बघत होते. खोलीला कुलूप आहे." तिनं कमरेची किल्ली दाखवली.

टाळ्या अर्ध्यावर विरल्या. एक मुलगी फाटकाकडे सरकली, तिच्यामागे आणखी दोघी. तो आवाज मी ओळखला होता. मला वाटलं, संपलं. उद्या सगळ्या सामान बांधतील, आणि शालिनी तर पहिली.

अरुंधती मात्र जागची हलली नाही. पांढरी पडली होती, ते मी पाहिलं. पण तिनं डब्यातला लाडू उचलला आणि शालिनीच्या तळव्यावर ठेवला. ज्या खोलीतून उत्तर आलं त्या खोलीचा पहिला लाडू, असा भोंडल्याचा नियम असल्याचं तिनं तिथल्या तिथे जाहीर केलं. असा नियम मी जन्मात ऐकला नव्हता. मग किल्ली मागून घेतली, दुसरा लाडू घेतला आणि जिना चढली. मी मागोमाग. भीती वाटत नव्हती असं नाही, पण न बघता राहणं मला जमत नाही.

कुलूप काढलं. आत औषधाचा आणि कापराचा वास, जसा आजाऱ्याच्या उशाशी येतो. शालिनीनं दोरीनं करकचून बांधून ठेवलेली वळकटी सुटून पसरली होती. पुस्तकं टेबलावर परत रचलेली.

अरुंधतीनं लाडू खिडकीच्या चौकटीवर ठेवला.

"रमा," ती हळूच म्हणाली, "वर का बसलीस? खाली ये. माझा एक हात मोकळा ठेवते."

आणि मी... सवयच ना माझी. कोणी निघालं की तोंडातून येतंच. मी म्हटलं, "आणि माझ्याकडेही ये हो. केव्हाही ये."

अरुंधतीनं वळून माझ्याकडे पाहिलं.

खाली पुन्हा फेर धरला. डावा हात तिनं शालिनीला दिला, उजवा तसाच पुढे धरला, आणि त्या बाजूच्या मुलीला एका माणसाची जागा सोडायला सांगितलं. कोणी कारण विचारलं नाही. शालिनी आधी पाय ओढत चालली, मग गाऊ लागली. मी अरुंधतीच्या उजव्या हाताकडे बघत होते. त्या बोटांची पेरं पांढरी झाली होती, कोणी घट्ट धरावं तशी.

सकाळी खिडकीच्या चौकटीवर अर्धा लाडू होता.

दसऱ्याला भाऊ आला, रघुवीर नावाचा. शालिनीनं त्याला चहा दिला आणि आपण येत नाही म्हणून सांगितलं. एकटाच परत गेला. आज ती रतलामला शाळेत शिकवते, आणि तिथल्या मुलींना म्हणे दर रविवारी पोहे खायला बोलावते. अरुंधती पास होऊन गेली त्या दिवशी मी खरोखर तिची दृष्ट काढली. वाकून नमस्कार करताना ती म्हणाली, "काकू, तुम्ही तिला बोलावलंय. विसरू नका." मी हसून हो म्हटलं होतं.

यंदा मध्यभारत संपला. कचेरी भोपाळला गेली, हे पुढे गेलेत, उद्या मला निघायचं आहे. कोठीतल्या मुली उन्हाळ्यातच पांगल्या. फाटकाला साखळी आहे. दुपारी मी वाटेसाठी लाडू केले, तेच, डब्यात भरले, भांडी पोत्यात घातली, आणि वळकटी बांधून ठेवली. दिवेलागणीला तुळशीपाशी जाऊन आले, तर दोरी सुटलेली. भांडी फळीवर परत लावलेली, मी लावते तशीच, मोठी मागे, लहान पुढे. मी पुन्हा बांधली. पाणी प्यायला उठले, पुन्हा सुटलेली. स्वयंपाकघरात कापराचा वास आहे. मी कापूर लावलेला नाही.

डब्याचं झाकण काढून बाजूला ठेवलेलं आहे, आणि झाकणावर अर्धा लाडू.

गाडी सकाळची आहे. तो उरलेला अर्धा मी तिला उद्यासाठी तसाच झाकून ठेवला आहे.