चाळीस नारिंगी जॅकेटं

"चार दिवस उन्हात आहेत, तरी ही एवढी जड कशी?" दोरीवरचं लाइफ जॅकेट तोलत बारकीने विचारलं.

"इथे कुठेतरी पाणी मुरतंय," इंजिन म्हणाला. सतत बडबडतो म्हणून हे टोपणनाव मिळालेल्या या मामेभावाचं म्हणणं या वेळी शब्दशः खरं होतं.

सुट्टीत बारकी मामाकडे आली होती. मामाचं भंगाराचं गोदाम होतं आणि ही चाळीस जॅकेटं त्याने वजनावर उचलली होती. दुपारी तलावावरच्या बोटक्लबचा मॅनेजर ती न्यायला येणार होता, लहान मुलांच्या सहलींसाठी.

दोघांनी तीन जॅकेटं अंगणातल्या पाण्याच्या टाकीत सोडली. तासाभरात तिन्ही तळाला गेली.

बारकी धावतच मामाकडे गेली. "मामा, ती बुडतात."

"एखादं निघतं खराब." मामाने मान वर केली नाही. "धंद्यातली गोष्ट सांगतो. फार स्वस्त सांगितलं, की गिऱ्हाईक माल उलटसुलट करून बघतं. नव्याच्या निम्मी किंमत सांगितली, की बघतच नाही."

मामाचा बारकीवर किती जीव! पण तलावात पडणारं पोर तिच्या डोळ्यांसमोरून हलेना.

मॅनेजर आला आणि हातही न लावता जॅकेटं मोजू लागला. मामा आत पावतीपुस्तक शोधत होता.

"काका," बारकी पुढे होऊन म्हणाली, "किलोवर न्या. भंगाराच्या भावात."

मॅनेजर थबकला. "एवढी स्वस्त? का बरं?" त्याने एक जॅकेट उचललं, उलटं केलं, दाबलं. शिवणीतून तपकिरी पाणी गळलं. तेवढ्यात इंजिनने त्याला टाकीचा तळ दाखवला.

मामा बाहेर आला तेव्हा मॅनेजरचा चेहरा पांढराफटक पडला होता. "तुमच्या पोरांनी आज कुणाकुणाची लेकरं वाचवली," तो म्हणाला. "मी तर बघणारही नव्हतो." तो रिकाम्या हाताने गेला.



संध्याकाळी मामा कात्री घेऊन बसला आणि एकेका जॅकेटाचे पट्टे कापू लागला, पुन्हा कुणी विकू नयेत म्हणून. बारकी शेजारी जाऊन बसली.

"मला आधी सांगायचं होतंस," तो म्हणाला.

"सांगितलं होतं, मामा."

कात्री थांबली.

"हो," मामा हळूच म्हणाला. "सांगितलं होतंस."